डेन्मार्कला गेलेलं माझ्या बायकोचं बोलणं

डेन्मार्कमधल्या एका पक्षाची प्रमुख झालेली बाई तरुणपणी वर्षभर आमच्या केंब्रिजच्या घरात भाड्याने राहत होती, ही गोष्ट आमच्या ओळखीतल्या बहुतेकांना माहीत आहे. माहीत असणारच, मीच ती सगळ्यांना सांगितली. तिच्या राजकारणावर माझ्या विचारांची छाप आहे, असं मी स्वतःहून फारसं म्हणालो नाही. पण दुसरं कोणी म्हणालं, की मान खाली घालून हसायचो. म्हणजे तेच झालं. हे खरं नव्हतं. माझी बायको जाऊन आता तीन वर्षं झाली आणि माझं वय असं आहे, की पुढच्या वर्षी निवांत लिहू म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून जे होतं ते आता लिहून टाकतो.

मिल रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. वर तीन खोल्या. त्यांतली सगळ्यांत लहान, मागच्या बागेवर उघडणारी, आम्ही परदेशी विद्यार्थिनींना देत असू. मी युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. बायको कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग ऑफिसात काउंटरवर बसायची. मुलगी प्रायमरी शाळेत जात होती. बऱ्याच पोरी येऊन गेल्या, त्यांचे चेहरे आता आठवत नाहीत. ही आठवते, कारण ही आल्या दिवसापासून प्रश्न विचारत सुटली.

उंच, पिंगट केसांची, नुकतीच विशी ओलांडलेली. राज्यशास्त्र शिकायला एका वर्षासाठी आलेली. पहिल्याच संध्याकाळी तिने माझ्या बायकोला विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच सांगा." मी सांगितलं. पोरीला नवल वाटलं. त्यांच्याकडे म्हणे शाळेत मास्तरांना आणि रस्त्यात भेटले तर पंतप्रधानांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, आणि इथे एका घरात राहणारी बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. का घेत नाही? घेतलं तर काय होतं? एकट्या असताना तरी घेता का? बायकोने शांतपणे सांगितलं, काही होत नाही, माझ्या आईने कधी घेतलं नाही, मलाही जिभेला वळण नाही. मग पोरीने विचारलं, की मी तुम्हाला काय म्हणू. तेव्हापासून आम्ही काका-काकू झालो.

नाव न घेण्याच्या जोडीला बायकोची आणखी एक सवय होती, ती मात्र त्या पोरीच्या लक्षात आली नाही. माझी बायको स्वतःचं मत स्वतःचं म्हणून सांगत नसे. "हे म्हणतात" अशी सुरुवात करायची आणि मग आपल्या मनातलं सांगायची. इंग्रजीतही तसंच, "माय हजबंड सेज." तिच्या वयाच्या आमच्याकडच्या कितीतरी बायका असंच बोलत. त्यात आपल्या लोकांचा कधी गोंधळ होत नसे. नवऱ्याचं मत काय असेल ते असो, बाई स्वतःचं बोलतेय, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळायचं. डेन्मार्कच्या पोरीला ते कुठून कळणार? तिने ऐकलं तसं घेतलं.

त्यात भर माझ्या स्वभावाची. मी बोलका माणूस नाही. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून आलो, की स्वयंपाकघराच्या दाराजवळ खुर्ची टाकून पेपर घेऊन बसायचो आणि त्या दोघींच्या बोलण्यावर अधूनमधून मान हलवायचो. बहुतेक वेळा मी क्रिकेटचे स्कोअर वाचत असे. पण बायको एखादी धारदार गोष्ट माझ्या नावाने सांगायची, पोरगी माझ्याकडे वळून बघायची आणि मी नेमका मान हलवत असायचो. तिला माझ्यात कोणी विचारवंत दिसला असावा.

एकदा बायको कामावरून चिडून आली. एका माणसाचा घरासाठीचा अर्ज नाकारला गेला होता. नियमाला धरूनच होतं. पण शेजारच्या काउंटरवरच्या बाईने त्याला उभ्या-उभ्या सांगितलं आणि तो आरडाओरडा करत निघून गेला. बायको परातीत पीठ मळत पोरीला म्हणाली, "हे म्हणतात, आधी माणसाला बसायला सांगावं. उभ्या माणसाला नियम सांगितला, की त्याला हाकलल्यासारखं वाटतं. तोच नियम बसलेल्या माणसाला सांगा, तो निदान पुढे काय करायचं ते विचारतो."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी तोवर बायकोचं ऑफिस आतून पाहिलंही नव्हतं.

ती वर गेल्यावर मी बायकोला म्हणालो, हे मी कधी म्हणालो? भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात. पण तुमच्या नावावर खपतं." मग तिने सांगितलं, की ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिने एक सूचना केली होती, तेव्हा कोणी ऐकलं नाही. पुढच्या वेळी तीच सूचना, माझा नवरा असं म्हणतो, म्हणून केली. साहेबाने लगेच मान्य केली आणि वर विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात? आम्ही दोघं खूप हसलो. मला त्यात आपला मान वाटला, हे कबूल करतो.

ती पोरगी डेन्मार्कच्या राजकारणाबद्दल सांगायची ते बायको मन लावून ऐकायची. तिथे दोन टक्के मतं मिळाली तरी पक्षाला संसदेत जागा मिळते. त्यामुळे लहान लहान पक्ष बरेच, आणि एकट्याला बहुमत जवळजवळ कोणालाच नाही. बायको म्हणाली, म्हणजे बारा महिने सोयरीक जमवायची. आपल्याकडे पक्षांना चिन्हं असतात तशी तिथे अक्षरं असतात. त्यावर बायकोने जरा विचार केला आणि म्हणाली, अक्षर म्हणजे आधी सगळ्यांना वाचता यायला हवं, तुमचे लोक त्या बाबतीत सुखी आहेत. हे मात्र तिने माझं नाव न लावता सांगितलं. ते पोरीच्या लक्षात राहिलं नाही.

लक्षात राहिलं ते दुसरंच. युतीचा विषय चालला होता. कोणी कोणाबरोबर जावं, कोणाबरोबर जाऊ नये. बायकोने तेव्हा जे सांगितलं ते शब्दाला शब्द असं: "हे म्हणतात, जो आपल्या घरी जेवायला येणार नाही, त्याच्याबरोबर सरकार करू नये. तो मतं घेऊन जाईल, पण पाणी पिणार नाही."

पोरीने मला विचारलं, काका, याचा नेमका अर्थ काय? मी पेपर खाली केला आणि म्हणालो, जे आहे तेच. तिला ते फार खोल वाटलं.

आम्ही दोघंही बौद्ध. मी मुंबईत वाढलो, बायको नागपूरजवळच्या एका गावात. तिचे वडील तिथे आमच्या लोकांच्या पक्षाचं काम करत. निवडणूक आली, की मित्रपक्षाचे मोठे लोक त्यांच्याकडे यायचे, ओटीवरच बोलायचे आणि आत न येता जायचे. एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे मी विचारलं नाही. अशा गोष्टी आमच्या घरोघरी आहेत, मला वाटलं, त्यात विचारायचं काय.

वर्ष संपलं, पोरगी परत गेली. दर ख्रिसमसला तिचा फोन यायचा. पुढची हकिगत आम्हाला त्या फोनांतून कळत गेली. ती आपल्या शहराच्या कौन्सिलवर निवडून आली. पहिलं काम तिने काय केलं असेल? मदतीसाठी अर्ज करायला लोक ज्या ऑफिसात जायचे, तिथले उंच काउंटर काढून टाकले आणि टेबल-खुर्च्या ठेवायला लावल्या. त्यावर तिथल्या वर्तमानपत्रात वाद झाला, खर्च कशाला म्हणून. तिने मुलाखतीत सांगितलं, केंब्रिजमध्ये माझे एक भारतीय घरमालक होते, त्यांचं म्हणणं असं होतं. आम्हाला हे फोनवर सांगताना तिला केवढा आनंद झाला होता. फोन स्पीकरवर होता. बायको शेजारी उभी होती. तिने हात पुसले आणि पोरीला विचारलं, खुर्च्यांना गाद्या आहेत की नुसत्या लाकडी?

मग ती संसदेत गेली. तिचा पक्ष लहान, ना धड डावा ना उजवा. ती घरांच्या, म्हाताऱ्यांच्या, मदतीच्या प्रश्नांवर बोलायची. एका निवडणुकीच्या वादात तिला टीव्हीवर विचारलं, की परदेशी लोकांना हाकला म्हणणाऱ्या पक्षाचा पाठिंबा घेऊन सरकार बनत असेल, तर तुम्ही त्यात असाल का. ती म्हणाली, माझ्या जुन्या घरमालकांनी मला सांगितलंय, जो तुमच्या घरी जेवायला येणार नाही, त्याच्याबरोबर सरकार करू नका. हे वाक्य तिथे गाजलं. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. डेन्मार्कच्या लोकांना वाटलं, हा पाहुणचाराबद्दलचा एखादा भारतीय विचार असावा. मुलीने मला तो व्हिडिओ शोधून दिला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मी तो परत परत पाहिला. आमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं एवढा समुद्र ओलांडून तिथे कसं पोचलं, याचं मला कौतुक वाटत राहिलं, आणि ते बोलणं कोणाचं, हा विचार मी त्या कौतुकात बाजूला सारला.

लंडनच्या ईलिंग भागातल्या आपल्या लोकांनी मला बोलावलं. डेन्मार्कच्या संसदेत आपला विचार, असा काहीतरी विषय होता. मी अर्धा तास बोललो. गप्प बसणारा मी, त्या दिवशी मात्र फार चांगलं बोललो. बायको समोर बसली होती, नवी साडी नेसून. भाषणात मी म्हणालो, की मी त्या मुलीला एवढंच सांगितलं होतं, आणि ते वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या. परतीच्या ट्रेनमध्ये बायकोने नव्या साडीचा पदर आवरून घेतला. मग म्हणाली, "छान बोललात. ते जेवायचं कसं सुचलं हो तुम्हाला?"

मी हसलो. तीही हसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मी अजूनही त्या ट्रेनचा विचार करतो. त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तरी चाललं असतं.

त्याच्या पुढची गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या पोरीच्या पक्षाच्या जुन्या प्रमुखांनी पद सोडलं आणि नवा प्रमुख निवडायचा होता. एका दुपारी तिचा फोन आला. बायको साउथहॅम्प्टनला होती. आमची मुलगी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिचं बाळंतपण झालं होतं. फोन मी घेतला. पोरगी, म्हणजे तोवर चाळिशीतली बाई, म्हणाली, काका, मी उभी राहू का? समोर पक्षातले एक वडीलधारे गृहस्थ आहेत. तुमचं काय म्हणणं?

काकू घरी नाही, तिला विचारून सांगतो, हे म्हणायला काय हरकत होती? पण तिने मला विचारलं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, थांब. या वेळी त्यांना होऊ दे. तू लहान आहेस. हे मात्र खरंच माझं मत होतं, पहिलं आणि एकमेव.

ती उभी राहिली नाही. ते गृहस्थ प्रमुख झाले आणि पुढच्या निवडणुकीत पक्ष दोन टक्क्यांच्या काठावर येऊन कसाबसा वाचला. बायको कित्येक दिवस म्हणत होती, पोरगी उभी का नाही राहिली? एवढी तयार पोरगी. कोणी तिला मागे ओढलं? मी म्हणालो, त्यांचं राजकारण आपल्याला काय कळणार.

त्या पडझडीनंतर ती प्रमुख झाली. तोवर पक्षाकडे ना माणसं उरली होती ना ऑफिस चालवायची ऐपत. तिने तो उभा केला. एका सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, दोन वर्षांनी एका कायद्यावरून काढून घेतला आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. टीव्हीवर सगळ्या पक्षांचे प्रमुख ओळीने उभे राहून वाद घालतात, त्यात ती टोकाला असायची, पक्ष सगळ्यांत लहान म्हणून. बायको टॅब्लेटसमोर बसून बघायची. भाषा कळत नव्हती तरी हिची पाळी आली, की आवाज वाढवायची. एकदा म्हणाली, ही उत्तर देण्याआधी क्षणभर थांबते, ते मला आवडतं, पूर्वी थांबत नसे.

बायको गेली तेव्हा ती प्रमुखच होती. तिचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "काकूंनी मला किती प्रेमाने जेवायला घातलं."

मी म्हणालो, हो, तिच्या हाताला चव होती.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. ज्या बाईचं बोलणं डेन्मार्कच्या संसदेत पोचलं होतं, तिची आठवण भाजी-भाकरीपुरती उरली होती, आणि ती तशी राहावी अशी सोय मी नुकतीच पुन्हा एकदा केली होती.

यंदा मार्चमध्ये ती केंब्रिजला आली. आता ती पक्षाची प्रमुख नाही. मागच्या निवडणुकीनंतर तिने पद सोडलं आणि आत्मचरित्र लिहायला घेतलं आहे. युनिव्हर्सिटीत तिचं व्याख्यान होतं. त्याच्या दोन दिवस आधी ती घरी आली. मुलगीही साउथहॅम्प्टनहून आली होती. चहा झाला. ती वरची खोली बघून आली, तिथे आता इस्त्रीचं टेबल आहे. मग तिने सांगितलं, की पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात मी आहे. तिला माझ्याकडून तपासून हवं होतं, मी ती वाक्यं नेमकी कशी म्हणालो होतो.

मी म्हणालो, मी ती म्हणालोच नव्हतो.

मग सगळं सांगितलं. हे म्हणतात म्हणजे काय, ते समजवायला बराच वेळ लागला. तिला आधी वाटलं, मी नम्रपणा करतोय. शेवटी मुलगीच मध्ये पडली.

"बाबा, मला माहीत होतं. सगळा आईचा आयडिया होता. तुम्ही तर न्यूज लागला की झोपायचे."

मी विचारलं, मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "आई म्हणायची, असू दे. बाबांना बरं वाटतं."

पाहुणीने कप बाजूला ठेवला. मग मी त्या फोनबद्दलही सांगितलं. थांब म्हणालो ते मात्र माझंच होतं, काकूला कधी कळलंही नाही, आणि त्यामुळे तुझी चार वर्षं गेली, असं मी म्हणालो.

ती चक्क हसली. "काका, मी त्या आठवड्यात बऱ्याच जणांना विचारलं होतं. जवळजवळ सगळे थांब म्हणाले. तुमच्या एकट्यामुळे मी थांबले नाही."

इतकी वर्षं मी जे ओझं समजत होतो, तेही थोडं फुगवलेलंच निघालं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण तिचं हसणं ओसरलं आणि ती हळू बोलली, "सगळे पुरुष होते. मी एकाही बाईला विचारलं नाही. काकूंनाही नाही. मला वाटलं, तुम्हाला विचारलं म्हणजे झालं."

निघताना तिने एवढंच सांगितलं, की प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.

व्याख्यान दुपारी होतं. हॉल भरला होता, बरीचशी तरुण मुलं. मुलगी आणि मी मधल्या रांगेत बसलो. पाहुणी छान बोलली, कागद न घेता. आणि बोलता बोलता म्हणाली, "मी इथे राहत असताना माझे घरमालक म्हणायचे, जो तुमच्या घरी जेवायला येणार नाही..."

तिला कळलंही नाही. एवढ्या वर्षांची सवय. वाक्य नेहमीच्या वाटेने बाहेर पडलं आणि ती पुढच्या मुद्द्यावर गेली. मी वाट बघितली, आता थांबेल, आता दुरुस्त करेल. ती थांबली नाही. लोकांनी वाक्य टिपून घेतलं.

प्रश्नांची वेळ आली. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही बोललात तर मी बोलते."

मी हात वर केला. माइक घेऊन आलेल्या विद्यार्थिनीने थोडक्यात प्रश्न विचारा अशी विनंती केली. मी उभा राहून म्हणालो, "प्रश्न नाही. दुरुस्ती आहे. तो घरमालक मी. मी तसं कधीच म्हणालो नाही. ते माझ्या बायकोचं वाक्य आहे. खुर्च्यांचंही तिचंच."

लोक हसले, चांगल्या मनाने. व्यासपीठावरच्या बाईने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, ते बरोबर सांगताहेत, परवाच त्यांनी मला हे सांगितलं आणि आज मी पुन्हा तीच चूक केली. मग तिने मला बसू दिलं नाही. ती थांबली, बायकोला आवडायचं तशी, आणि तिने विचारलं, "काका, जेवायला न येणारा तो माणूस कोण होता?"

माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, तिच्या वडिलांकडे मित्रपक्षाचे लोक यायचे. ती म्हणाली, हो, पण काकूंच्या मनात एखादा माणूस असेल ना. कोण? त्या वेळी काकू केवढ्या होत्या? त्या घरात होत्या का? स्वयंपाक त्यांनी केला होता का?

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. पूर्ण हॉलसमोर मी तसं सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही.

तेव्हापासून तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. ते वाक्य मी एवढ्या ठिकाणी म्हटलं, त्यावर टाळ्या घेतल्या, आणि त्यामागे एक अंगण होतं, एक चूल होती, शिजवून ठेवलेलं काहीतरी होतं, एक मुलगी दारातून बघत होती की नव्हती, हेही मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एकदा विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं. कदाचित हे म्हणतात न लावता.

नागपूरला माझी मेहुणी आहे, बायकोची धाकटी बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होती. मी तिला व्हिडिओ कॉल केला आणि तुमच्या वडिलांकडचा तो जेवायला न येणारा माणूस कोण, असं विचारलं. ती म्हणाली, आता विचारता? मी डेन्मार्कच्या बाईबद्दल सांगितलं, पुस्तकाबद्दल सांगितलं. त्यावर ती म्हणाली, त्या दिवशी काय झालं ते मला चांगलं आठवते, ताईनं काय केलं तेही आठवते, त्या बाईला सगळं सांगते. हिंदी-इंग्रजी मिळून जमवीन, अडलं तर ताईची पोरगी आहेच. फक्त तिची एक अट होती.

"भाऊजी, तुम्ही खोलीत नसान तर."

मी कारण विचारलं. तिने सांगितलं नाही. ताईने एवढं कधी तुमच्यासमोर सांगितलं नाही, तर मी कसं सांगू, एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी कॉल ठरला आहे. पाहुणी पुस्तकाच्या कामासाठी अजून केंब्रिजमध्येच आहे, ती त्यासाठी घरी येईल, मुलगी पुन्हा साउथहॅम्प्टनहून येईल, दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतील. मी नदीकडे फिरायला जायचं आहे आणि फोन आल्याशिवाय परत यायचं नाही. मी मुलीला म्हणालो, मी वरच्या खोलीत दार लावून बसलो तर चालेल का? ती म्हणाली, नाही, बाबा, या घरात वर सगळं ऐकू येतं. नंतर मला काय सांगायचं आणि काय पुस्तकातच वाचायला ठेवायचं, हे त्या तिघी ठरवतील. मेहुणीची अट मुलीने मान्य केली आहे, पाहुणीनेही केली आहे. मला कोणी विचारलेलं नाही.